मदत हवी आहे: पाऊस, वन बीएचके, दोन मुलं आणि माझे कॉल्स

पागोळी

काल सकाळी सव्वासहाला शाळेच्या ग्रुपवर निरोप आला, आज सुट्टी. तोवर दोन्ही डबे भरून झाले होते. मुलांनी ते साडेसातलाच खाऊन टाकले आणि "आई, आता काय?" सुरू झालं. हे आता सप्टेंबरपर्यंत अधूनमधून चालणार, म्हणून विचारते आहे.

आम्ही गोरेगावात राहतो. वन बीएचके, बाल्कनी आधीच्या मालकांनीच आत घेतलेली. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी साडेचारची. सासूबाई असतात, गुडघे दुखतात पण उत्साह दांडगा. नवरा रोज ठाण्याला जातो, मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. हॉलमध्ये एका भिंतीशी माझं टेबल आणि उरलेल्या हॉलभर दोऱ्यांवर न वाळणारे कपडे. मुलांना राहते ती दीड सतरंजीएवढी जागा, तीही चादरींखालून वाकून गाठायची.

नेटवरच्या याद्या वाचून झाल्या. त्या लिहिणाऱ्यांनी मुंबईतला जुलै पाहिलेला नसावा. गोधडीचा तंबू करा म्हणतात. इथे गोधडी नुसती हातात घेतली तरी घाम फुटतो. कागदाची कलाकुसर केली तर कागद सादळलेला, डिंक दुसऱ्या दिवशीही ओला. कणकेचा क्ले केला, त्याला चौथ्या दिवशी बुरशी आली. जलरंगातलं चित्र वाळेना म्हणून मुलीने ते पंख्याखाली धरलं, आता भिंतीवरही इंद्रधनुष्य आहे.

हवंय ते असं: सकाळी अकरा ते एक माझे कॉल असतात, तेव्हा आवाज न होणारं काहीतरी. संध्याकाळी अंगातली मस्ती जिरेल असं काही, पण उड्या नकोत, खालच्या मजल्यावरचे काका दोनदा येऊन गेलेत. आणि पाऊस जरा उघडला तर अर्ध्या दिवसात जाऊन येण्याजोगं, छप्पर असलेलं ठिकाण, मॉल सोडून. मोबाइल द्यावा की देऊ नये यावर कृपया चर्चा नको, थोडा देतो.

शेंगदाणा

काहीही करू नका. कंटाळू द्या. आमच्या लहानपणी कोण ॲक्टिव्हिटी करून घेत होतं? कंटाळा आला की मुलं आपोआप काहीतरी शोधतात.

पागोळी

शेंगदाणा, मान्य. परवा कंटाळलेल्या मुलाने शोधलं ते असं: बनियनवर, डोक्यात पातेलं घालून माझ्या कॅमेऱ्यासमोरून तीन फेऱ्या. क्लायंट हसला म्हणून निभावलं.

काडेपेटी

अकरा ते एकसाठी माझं एकच उत्तर, वाल. कडवे वाल रात्री भिजत घाला, सकाळी उपसून फडक्यात बांधा. पावसाळ्यात दमट उबेने मोड छान येतात. मोड आले की कोमट पाण्यात टाकून पोरांपुढे पातेलं ठेवा. अंगठा आणि बोटात दाबला की दाणा सालातून सटकन सुटतो. माझी भाची पाच वर्षांची असताना पाऊण तास बसायची, नेम धरून डाळिंब्या वाटीत उडवायची. आजूबाजूला पडतात त्या वेचणं हा दुसरा खेळ. आवाज शून्य. आणि रात्रीचं बिरडं पोरं भांडून खातात, कारण "हे मी सोललंय".

यात खरी गोम सांगू? मुलांना "खेळ" दिला की दहा मिनिटांत संपतो. घरातलं खरं काम दिलं की ती टिकतात. लसूण सोलणं, कोथिंबीर निवडणं, आजीच्या बटणांच्या डब्यातली बटणं आकाराने लावणं. फक्त आपण मागे उभं राहून दुरुस्त करायचं नाही. अर्धी कोथिंबीर कचऱ्यात जाते, जाऊ दे.

मिलीमीटर

नऊ वर्षांच्या मुलासाठी थोडं लांबलचक लिहितो, कारण हे आमच्याकडे तिसऱ्या पावसाळ्यात चालू आहे.

पर्जन्यमापक करा. एक लिटरची, सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्या, कमरेत दबलेली किंवा वळ्या असलेली नको. मान जिथे निमुळती व्हायला लागते तिथे कापा (हे मोठ्यांनी) आणि कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बुडाशी खळगे असतात, त्यामुळे तळापासून मोजलं तर चुकतं. थोडे खडे टाका, ते बुडतील इतकं पाणी घाला आणि पाण्याच्या त्या रेषेला शून्य धरून बाहेरून पट्टी चिकटवा. बाटली विटांच्या मध्ये उभी करा, नाहीतर वाऱ्याने लोळते. आता शून्याच्या वर जितके मिलिमीटर पाणी, तितके मिलिमीटर पाऊस. तोंड आणि पोट एकाच रुंदीचं असल्याने गणित काही करावं लागत नाही.

खिडकीच्या ग्रिलवर ठेवू नका. पाऊस तिरका येतो, शिवाय वरच्यांच्या छज्जाची पागोळी थेट बाटलीत पडते (तुमचं नाव बघून हसू आलं). गच्चीच हवी.

रोज सकाळी साडेआठला मोजा. हवामान खातं मुंबईचा पाऊस कुलाबा आणि सांताक्रूझ अशा दोन वेधशाळांत मोजतं, आणि चोवीस तासांचा आकडा सकाळी साडेआठपर्यंतचा असतो. म्हणजे मुलाला स्वतःचा आकडा त्यांच्याशी ताडून बघता येतो. पहिल्याच आठवड्यात तो विचारेल, "आपला वेगळा का?" तेव्हा त्याला २६ जुलै २००५ सांगा. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पडला आणि कुलाब्याला त्याच्या दहाव्या हिश्शाएवढाही नाही. एकाच शहरात! माझ्या मुलीला हे इतकं पटेना की तिने आजोबांना फोन लावून खात्री करून घेतली. आजोबा त्या रात्री कुर्ल्याहून चालत निघाले होते. मग तासभर तीच गोष्ट, हाही एक इनडोअर उपक्रमच.

अतिवृष्टीच्या दिवशी बाटली भरून वाहते, तेव्हा दुपारी एकदा मोजून ओता आणि दोन्ही आकड्यांची बेरीज घ्या. आणि मोजल्यावर रोज रिकामी करा, डासांची पैदास नको.

दुसरं, तलावांचा तक्ता. मुंबईला सात तलावांचं पाणी येतं: अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. महापालिका पावसाळ्यात त्यांचा साठा रोज जाहीर करते. एका मोठ्या कागदावर सात बाटल्या काढायच्या आणि रोज निळ्या खडूने तेवढ्या भरायच्या. एकट्या भातसाची बाटली एकूण साठ्याच्या जवळपास निम्मी, तुळशीची अगदी औषधाच्या बाटलीएवढी. तुळशी आणि विहार तर तुमच्या घराशेजारच्या नॅशनल पार्कातच आहेत. "आज तुळशी भरला!" म्हणून ओरडायला मुलांना क्रिकेट स्कोअरसारखी मजा येते. रंगवायला धाकटी, वाचायला थोरला. आणि तेलकट खडू सादळत नाहीत.

कवडीमोल

बटणांचा डबा आमच्याकडेही हिट. संध्याकाळसाठी अष्टचंग. पाच बाय पाच घरांचा पट खडूने फरशीवर आखायचा, प्रत्येक बाजूचं मधलं घर आणि पटाच्या मधोमधचं घर, यांवर फुली. फासे म्हणजे चार अर्धे चिंचोके. ते घासून अर्धे करण्यातच एक दुपार जाते, आजींना विचारा. पांढरी बाजू वर आली तितकं दान, चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे तर आठ, आणि चार-आठ आले की परत खेळायचं. फुलीवरची सोंगटी मारता येत नाही. मधल्या घरात पोचायचं, पण दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत प्रवेश नाही. (हा नियम आमच्या घरचा. तुमच्याकडे वेगळा असेल तर भांडायला येऊ नये.)

काचापाणी मात्र साडेचारच्या मुलीबरोबर नको. सागरगोटे चालतील, पण सतरंजी घाला, नाहीतर खालचे काका तिसऱ्यांदा येतील.

लोकलमधली खिडकी

अर्ध्या दिवसाचं ठिकाण: वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. होळी-दिवाळी सोडली तर रोज उघडं. थोरल्याला तिथे खटके ओढायला आणि चाकं फिरवायला सोडा, तुम्ही बसा. दुसरं, भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ पासूनचं आहे, मुलांना तिथल्या मातीच्या छोट्या बाहुल्या आणि गलबतांच्या प्रतिकृती फार आवडतात. घारापुरीचा दगडी हत्तीही तिथेच बाहेर उभा आहे, तो भिजत असतो. शेजारी राणीच्या बागेत पेंग्विन बंद कक्षात आहेत, म्हणजे डोक्यावर छप्पर. बुधवार टाळा, दोन्ही बंद. रविवारी पेंग्विनपेक्षा माणसंच जास्त दिसतात.

फोर्टात रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालयही आहे. छोटं, कोरडं, गर्दी कमी. साडेचारची मात्र तिथे वीस मिनिटांत वैतागेल.

निघण्याआधी भरतीची वेळ बघा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आला की हिंदमाता, मिलन सबवे वगैरे तुंबायला वेळ लागत नाही. मुलांसह रेल्वेत अडकणं हा उपक्रम मी केला आहे. शिफारस करणार नाही.

ओली चप्पल

होड्यांचं कुणीच बोललं नाही? साधी होडी, शिडाची, नांगरहोडी. फक्त रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्यात सोडायला नेऊ नका. उंदीर-घुशींचं मूत्र त्यात असतं, पायाला साधं खरचटलेलं असलं तरी लेप्टोची भीती. बादलीत सोडा. वर्तमानपत्राची, कॅलेंडरच्या पानाची आणि मेण घासलेल्या कागदाची, अशा तीन होड्या करून कोणती आधी बुडते ते घड्याळ लावून बघा. मेणाची आमच्याकडे रात्रभर तरंगली. सकाळी आंघोळीला कुणी बादली देईना.

लाह्या

सिंगापूरहून. इथे बारा महिने पाऊस, त्यामुळे सल्ला द्यायचा हक्क आहे! सरकारी इमारतींचा तळमजला मोकळा ठेवलेला असतो, मुलं तिथेच हुंदडतात. तुमच्या बिल्डिंगला खाली पार्किंग असेल तर संध्याकाळी अर्धा तास तिथे न्या, गाड्यांवर लक्ष ठेवून. काकांच्या डोक्यावर काही नाही, त्यांच्या पायाखाली सगळं.

शेंगदाणा

पातेल्याबद्दल वाईट वाटलं. आवाज न करता दमवायचं असेल तर सूर्यनमस्कार, पण एकदम हळू. एका नमस्काराला पूर्ण एक मिनिट लागलं पाहिजे, जो लवकर संपवेल तो बाद. माझा मुलगा आठव्याला आडवा होतो.

पागोळी

नऊ दिवसांनी परत आले. सगळ्यांचे आभार, हिशेब देते.

हळू सूर्यनमस्कार तीन दिवस चालले, मग मुलगीच पंच झाली आणि सगळ्यांना बाद करू लागली. पार्किंगमध्ये जातो, पण तिथे एका गाडीचा अलार्म चेंडू लागला की वाजतो, आता ते मुलांना कळलं आहे. भायखळ्याला गेलो होतो. पेंग्विन पाहून मुलगी म्हणाली, "यांनापण सुट्टी आहे का?" चिंचोके सासूबाईंनी ओट्यावर घासले, त्या खेळात त्या पाचपैकी चार डाव जिंकतात आणि नातवाला जराही सवलत देत नाहीत.

सगळ्यात जास्त चाललं ते पाऊस मोजणं. गच्चीला कुलूप होतं. मुलाने सेक्रेटरींना रीतसर अर्ज लिहिला: विषय, महोदय, आपला नम्र, सगळं. साडेआठला पाच मिनिटं किल्ली मिळते, वॉचमन सोबत जातात. पहिल्या दिवशी बाटली आडवी पडली, दुसऱ्या दिवशी कावळ्याने पट्टी उचकटली. तिसऱ्या दिवशी आमचे ३८ आणि सांताक्रूझचे ५१. तो दिवसभर तोंड पाडून बसला, आपली बाटली चुकीची म्हणून. मग त्याला २००५चं सांगितलं. आता लिफ्टमध्ये लोक त्यालाच विचारतात, "काय रे, आज किती?" खालचे काकासुद्धा. काकांनी त्याला जुनी डायरी दिली आहे आकडे लिहायला, उड्यांबद्दल अजून तरी काही बोललेले नाहीत.

नवा प्रश्न. मुलीला वाल सोलायचा इतका नाद लागला आहे की फ्रीजमध्ये डाळिंब्यांचे तीन डबे झालेत. आठवड्यात चारदा बिरडं झालं, काल नवऱ्याने ताट बघून नुसतं "हं" म्हटलं. आणखी काय करता येईल?

काडेपेटी

डाळिंबीभात. वरून ओलं खोबरं. आणि पुढच्या वेळी अर्धीच वाटी भिजव गं.