मदत हवी आहे: हिंसाचारात मारल्या गेलेल्यांचे अंत्यसंस्कार टीव्हीवर दाखवावेत का?

नमस्कार मंडळी. मी एका वृत्तवाहिनीच्या डेस्कवर काम करते. अशा अंत्ययात्रा दाखवण्याबद्दल चार ओळींची नियमावली लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय आणि चार दिवस मी पहिल्याच ओळीवर अडकलेय.

'दाखवूच नये' असं लिहून मोकळी होणार होते. पण मग १९५५ सालचा एमेट टिल आठवला. अमेरिकेत वर्णद्वेषातून मारलेला चौदा वर्षांचा मुलगा. त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, शवपेटी मुद्दाम उघडी ठेवली, फोटो छापू दिले. माझ्या मुलाचं काय केलंय ते जगाने बघावं, हा त्यांचा हट्ट. त्या फोटोंनी नागरी हक्क चळवळीला बळ दिलं. तिथे कॅमेरा बंद ठेवणं म्हणजे मारेकऱ्यांचीच सोय झाली असती.

पण तो निर्णय आईचा होता, कुठल्या संपादकाचा नव्हता. आमच्याकडे मात्र रडणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर झूम जातो, मागे करुण संगीत (याची तर मला शिसारी येते), आणि तेच दृश्य दिवसभर फिरत राहतं.

कुटुंबाची संमती हवीच, हे पक्कं. पण ती मागायची कधी? त्या धक्क्यात दिलेला होकार खरा मानायचा का? घरातल्यांचंच आपसात पटत नसेल तर कुणाचं ऐकायचं? आणि अंत्ययात्रेतच सूडाच्या घोषणा सुरू झाल्या तर थेट प्रक्षेपण तोडायचं का?

बातमीदारीतल्या लोकांनी सांगाच, पण ज्यांच्या दारात असा कॅमेरा येऊन गेलाय त्यांनी लिहिलं तर जास्त उपयोग होईल.