मदत हवी आहे: फिफ्थ एलिमेंटची फोर-के डिस्क अंधारी दिसतेय, मावशीला निळा रंग नीट कसा दाखवू?

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितोय. रविवारी रात्री मावशीला ‘द फिफ्थ एलिमेंट’ दाखवायचाय आणि आज गुरुवार उजाडला, त्यामुळे टीव्हीच्या सेटिंगमधलं ज्यांना कळतं त्यांनी प्लीज पूर्ण वाचा. थोडं लांबलंय, पण मागचं सांगितल्याशिवाय मला नेमकं काय हवंय ते कळायचं नाही.

मावशी दांडिया बाजारात चाळीस वर्षं शिवणकाम करायची. २००० च्या आसपास हा पिक्चर रात्री उशिरा केबलवर लागला आणि मी तो व्हिडिओ कॅसेटवर रेकॉर्ड केला, तेव्हा मी नववीत. मला त्यातल्या उडत्या टॅक्सी बघायच्या होत्या. मावशी काजं करायला ब्लाउज घेऊन सहज शेजारी येऊन बसली, आणि नायिका लीलूच्या अंगावरच्या त्या पांढऱ्या पट्ट्या दिसल्या तशी सुई हातातच राहिली, ती शेवटपर्यंत उठली नाही. इंग्रजी तिला फारसं कळत नाही, गोष्ट मीच मधे मधे सांगत होतो, पण तिचं सगळं लक्ष कपड्यांकडे. विमानातल्या त्या निळ्या ड्रेसवाल्या पोरी, ब्रूस विलिसचा पाठ उघडी असलेला केशरी बनियान, रेडिओवाल्या रुबी रॉडचा गुलाबांची कॉलर असलेला काळा ड्रेस. नंतर कितीतरी दुपारी ती मला कॅसेट पॉज करायला लावायची. पॉज केलं की स्क्रीनवर एक पांढरी आडवी रेघ थरथरत राहायची आणि ती बरोबर कॉलरवर आली की "जरा पुढे घे रे, अजून थोडं" असं चालायचं. समोर ब्राऊन पेपर पसरलेला, हातात खडू. ती कॉलर उभी कशी राहते, आत बकरम (कडक अस्तर) असेल की तार घातली असेल, यावर तिने आठवडा घालवला. त्या नवरात्रात एका गिऱ्हाइकाच्या चोळीला तिने पाठीवर केशरी पट्ट्या लावून दिल्या, कापड मंगळ बाजारातून मीच आणलं होतं, आणि दसऱ्याच्या आत आणखी चौघीजणी तशीच पाठ मागायला आल्या.

हे कपडे ज्याँ-पॉल गोतिए या फ्रेंच डिझायनरचे आहेत हे मला सायबर कॅफेत बसून कळलं. मी घरी येऊन सांगितलं तर मावशीने ते नाव तिच्या मापाच्या वहीत लिहायला लावलं, ते पान अजून आहे. उडत्या टॅक्सीचं शहर काढण्यात मोबियस आणि मेझिएर या दोन फ्रेंच कॉमिक्सवाल्यांचा हात होता, दिग्दर्शक लुक बेसाँ लहानपणापासून त्यांची कॉमिक्स वाचत आलेला. माझ्या मते म्हणूनच तो पिक्चर अजून जुना वाटत नाही, हाताने चित्र काढणाऱ्या माणसांनी आधी सगळं कागदावर उभं केलंय.

आता आत्ताचं. मावशी ७२ वर्षांची आहे, यंदा तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की डोळ्यातली जुनी भिंग पिवळी पडत जाते आणि निळा रंग अडवते, नवीन घातली की निळं जास्त निळं दिसेल. पट्टी निघाल्यावर तिने कपाटातली मोरपिशी साडी बाहेर काढली आणि खिडकीपाशी धरून उभी राहिली, म्हणाली, "अरे, ही मी काळपट समजून नेसतच नव्हते." तेव्हाच मला पिक्चरमधली ‘दिवा’ (डिव्हा) आठवली, ती उंच निळी गाणारी. ते गाणं डोनिझेट्टीच्या ‘लुचिया’ या ऑपेरामधलं, आवाज इन्व्हा मुला या अल्बानियन गायिकेचा, आणि गाणं सुरू असताना त्या निळ्या अंगावर पडणारा प्रकाश. मावशीला तो प्रसंग फार आवडायचा, आणि आता तो तिला तिच्या नव्या डोळ्यांनी बघायला मिळावा एवढंच माझ्या मनात आहे.

कॅसेटला केव्हाच बुरशी लागली. मामेभावाने अमेरिकेहून फोर-के डिस्क पाठवली, माझ्याकडे डिस्कवाला पीएस-फाइव्ह (गेमचा प्लेस्टेशन ५) आहे, टीव्ही ५५ इंची, साधा एलईडी. काल रात्री एकट्याने लावून बघितलं आणि खूप वाईट वाटलं. एक तर चित्र इतकं अंधारं की दिवाच्या मागचं काही दिसेना. दुसरं म्हणजे सगळे जण मालिकेतल्यासारखे गुळगुळीत हलतायत, सेट पुठ्ठ्याचा वाटतो. म्हणून पिक्चर मोड व्हिव्हिड केला तर निळा असा भडक झाला की बघवेना, आणि वॉर्म केला तर सगळं पिवळट. आत्ताच तर बाईंच्या डोळ्यातलं पिवळं गेलंय, परत पिवळं कसं दाखवू? शिवाय वर-खाली काळ्या पट्ट्या आहेत. कॅसेटमध्ये त्या नव्हत्या, टीव्ही भरून चित्र यायचं, त्या विमानातल्या पोरींचे बूटसुद्धा दिसायचे असं मावशी अजून सांगते. डिस्कवाल्यांनी चित्र कापलंय का? दुसरी डिस्क मागवू का, की टीव्हीच बदलावा लागेल? खर्चाचं बघता येईल, वेळ मात्र नाही.

प्रतिसाद १

डिस्क बदलू नका हो, डिस्क चांगली आहे. या पिक्चरची २००६ सालची पहिली ब्लू-रे खरंच खराब होती, लोकांनी एवढी ओरड केली की २००७ मध्ये परत नवीन काढावी लागली. तुमची फोर-के त्यानंतर दहा वर्षांनी आलेली आहे, तिच्यात दोष नाही, टीव्हीच मधे मधे करतोय.

गुळगुळीत हलणं आधी घालवा. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतो म्हणून तो मालिकेसारखा दिसतो. सेटिंगमध्ये मोशन किंवा स्मूथ अशा नावाचं जे काही असेल ते पूर्ण बंद करा. फिल्ममेकर मोड असेल तर तो निवडला की हे आपोआप बंद होतं.

अंधारासाठी दोन गोष्टी बघा. पॉवर सेव्हिंग आणि खोलीतल्या उजेडाचा सेन्सर बंद करा, हे दोन्ही चालू असले की एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र) हमखास काळोखं होतं. मग बॅकलाइट शंभरवर न्या आणि ज्या एचडीएमआय पोर्टला पीएस-फाइव्ह लावलाय त्याचं एन्हान्स्ड फॉरमॅट चालू आहे ना ते तपासा. तरीही जमलं नाही तर पीएस-फाइव्हमधूनच एचडीआर बंद करून बघा, साध्या एलईडीवर कधी कधी तेच जास्त छान दिसतं, त्यात कमीपणा काही नाही.

वॉर्म मात्र सोडू नका. पिक्चरचे रंग ठरवताना पांढरा ६५०० केल्विनचा धरतात आणि वॉर्म त्याच्या सगळ्यात जवळ असतो. तुम्ही व्हिव्हिडवरून लगेच वॉर्मवर आलात म्हणून पिवळं वाटलं. टीव्ही पहिल्यापासून वॉर्मवर ठेवा, मधे बदलू नका, पंधरा-वीस मिनिटांत डोळा बसतो. आणि खोलीतला पिवळा बल्ब बंद ठेवा, त्याच्याशी तुलना झाली की डोळा फसतो.

प्रतिसाद २

काळ्या पट्ट्यांचं सांगते, मी पण बडोद्याचीच, वाडीतली. मावशींना बरोबर आठवतंय. हा पिक्चर सुपर ३५ पद्धतीने शूट केलाय, त्यात निगेटिव्हवर वर-खाली जास्तीचं चित्र असतं आणि थिएटरसाठी मधली रुंद पट्टी घेतात, २.३९ ला १, म्हणजे रुंदी उंचीच्या २.३९ पट. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी तेच वरचं-खालचं उघडून दाखवायचे, म्हणून बूट दिसत असणार. पण स्पेशल इफेक्टच्या शॉटमध्ये ते जास्तीचं नसतं, तिथे कॅसेटमध्ये दोन्ही बाजू कापल्या जायच्या. म्हणजे टॅक्सीच्या सीनमधलं अर्धं शहर तुम्ही तेव्हा बघितलंच नाहीये! झूम अजिबात करू नका. तुमच्या टीव्हीवर चित्र साधारण पाऊण उंचीचं दिसेल, त्यामुळे मावशींची खुर्ची नेहमीपेक्षा थोडी पुढे घ्या.

धागाकर्ता (रविवार, रात्री उशिरा)

दोघांचे मनापासून आभार. पॉवर सेव्हिंगच होतं. ते आणि सेन्सर बंद केल्याबरोबर फरक दिसला, बॅकलाइट पूर्ण केल्यावर दिवाच्या मागची खिडकी पण दिसायला लागली, एचडीआर चालूच ठेवलंय. मोशन बंद केल्यावर तो आपला जुना पिक्चर परत आला, पहिल्याच टॅक्सीच्या सीनला मला कळलं. वॉर्म शनिवारी सकाळपासूनच लावून ठेवला होता, घरच्यांनी बातम्यासुद्धा त्यावरच बघितल्या, आज कुणी पिवळं म्हणालं नाही.

मावशी सहाला आली, सेव-उसळ खाऊन बसलो, खुर्ची पुढे घेतली. टॅक्सी इमारतींमधून खाली सुटते तिथे ती म्हणाली, "एवढं मोठं होतं हे?" दिवा आली तेव्हा काहीच बोलली नाही, चष्मा काढला, परत लावला, आणि गाणं संपल्यावर म्हणाली की हा एकच निळा नाहीये, डोक्याकडे वेगळा आणि हातांकडे वेगळा आहे, कॅसेटमध्ये सगळा एकच होता. मी मागे जाऊन परत लावलं. खरंच आहे, इतक्या वेळा बघूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

रुबी रॉडच्या कॉलरपाशी तिने पॉज करायला सांगितलं. रेघ आली नाही. ती टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली, बोटाने हवेतच कडेची शिलाई दाखवत होती, आणि म्हणाली बकरमच आहे पण दुहेरी घातलंय, मधे काहीतरी कडक आहे. उद्या परत येणारेय, ब्राऊन पेपर आणून ठेव म्हणालीये.

म्हणून अजून एक विचारतो, पीएस-फाइव्हवर डिस्क पॉज करून चित्राचा एक कोपरा मोठा करता येतो का? तिला कॉलरची आतली बाजू बघायचीये.