मागे येणाऱ्या फटक्यासाठी क्यूची टिप: मऊ की कठीण?

प्रेषक: लीड्सहून एक सभासद
प्रति: मंडळाची क्रीडा यादी

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळातील काही ज्येष्ठ मंडळी मुंबई-पुण्याच्या जिमखान्यांपासून बिलियर्ड्स आणि स्नूकर खेळत आलेली आहेत, म्हणून हा प्रश्न येथे विचारते. माझा क्यू, म्हणजे खेळण्याची काठी, अ‍ॅश लाकडाचा असून त्याच्या टोकावर साडेनऊ मिलिमीटरची, एल्क मास्टर नावाची चामड्याची टिप बसवलेली आहे. लक्ष्याचा चेंडू फूटभर अंतरावर असेल तर स्क्रू (मध्याच्या खाली मारून उलटी फिरकी देणारा फटका) मारल्यावर पांढरा चेंडू थोडाफार मागे येतो. परंतु तेच अंतर तीन फुटांवर गेले की तो धडकेनंतर जागच्या जागी थांबतो, आणि आणखी खाली मारायला जावे तर टिप घसरते. क्लबात एकाने मला अधिक मऊ टिप घ्यायला सांगितले, कारण ती चेंडूला जास्त वेळ धरून ठेवते; दुसऱ्याने अनेक थरांची, कठीण आणि बरीच महाग टिप सुचवली, कारण तिच्यामुळे फटक्याचा जोर वाया जात नाही. दोघेही माझ्यापेक्षा पुष्कळ चांगले खेळतात. यांपैकी कोणाचे ऐकावे?

आपली,
लीड्सहून

---

प्रेषक: लेस्टरहून एक ज्येष्ठ सभासद
प्रति: मंडळाची क्रीडा यादी

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुमच्या प्रश्नाला मी सविस्तर उत्तर देतो, कारण या विषयावर क्लबांतून जे सांगितले जाते त्यातील बरेचसे ऐकीव असते आणि त्यापायी नवे खेळाडू टिपांवर विनाकारण पैसे घालवतात.

पांढऱ्या चेंडूला त्याच्या वेगाच्या मानाने किती उलटी फिरकी मिळेल, हे टिपेच्या मऊपणावर ठरत नाही; टिप चेंडूच्या मध्याच्या किती खाली लागली, यावर ठरते. फ्रान्सच्या गास्पार कोरिओलिस यांनी बिलियर्डच्या चेंडूंचे गणित १८३५ साली मांडले, तेव्हापासून ही गोष्ट माहीत आहे. स्नूकरच्या चेंडूचा व्यास साडेबावन्न मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या सव्वासव्वीस मिलिमीटर. टिप मध्याच्या १३ मिलिमीटर खाली, म्हणजे साधारण अर्ध्या त्रिज्येवर लागली, तर फिरकीमुळे चेंडूच्या पृष्ठभागाला मिळणारा वेग हा चेंडूच्या पुढे जाण्याच्या वेगाच्या सव्वापट असतो. साडेसहा मिलिमीटर खाली लागली तर तो त्याच्या निम्मा होतो. टिप मऊ असो वा कठीण, हे प्रमाण बदलत नाही. मऊ टिप चेंडूला थोडा अधिक काळ चिकटून राहते हे खरे आहे, पण तो सगळा काळ एक-दोन सहस्रांश सेकंदाचा असतो, आणि त्या वेळात मिळणारा धक्का ज्या बिंदूतून जातो त्यावरच फिरकी ठरते. कठीण टिपेने तेवढ्याच झोकात चेंडूला किंचित जास्त वेग मिळतो, इतकाच काय तो फरक.

अर्ध्या त्रिज्येच्या पलीकडे गेले की खडू लावलेले चामडेही चेंडूवरून सुटते. ती घर्षणाची मर्यादा आहे आणि कोणत्याही किमतीची टिप ती फारशी पुढे सरकवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्स्वा मिंगो यांनी क्यूच्या टोकाला चामडे लावण्याची पद्धत रूढ केली, त्याआधी उघड्या लाकडाने इतक्या खाली मारणे शक्यच नव्हते. तेव्हा टिपेचे खरे काम पकड देणे हे आहे, आणि पकडीसाठी मऊपणापेक्षा तिचा घुमट, म्हणजे टोकाची गोलाई, महत्त्वाचा ठरतो.

येथे थोडा हिशेब करून दाखवतो, कारण तुमच्या अडचणीचे मूळ मला याच ठिकाणी दिसते. आपल्याकडे इंग्लंडात टिपेची गोलाई नाण्याशी ताडून पाहतात. पाच पेन्सच्या नाण्याची त्रिज्या ९ मिलिमीटर असते, दहा पेन्सच्या नाण्याची सव्वाबारा. साडेनऊ मिलिमीटर रुंदीची टिप पाच पेन्सच्या गोलाईत घासलेली असेल, तर घुमटाची कड येण्यापूर्वी चेंडूला मध्याच्या जवळजवळ १४ मिलिमीटर खालीपर्यंत स्पर्श करता येतो, म्हणजे घर्षणाच्या मर्यादेपर्यंत सगळी जागा वापरता येते. तीच टिप दहा पेन्सच्या गोलाईची, म्हणजे चपटी असेल, तर १० मिलिमीटरच्या जरा पुढे गेल्यावर घुमट संपतो आणि चेंडूला टिपेची कड लागते. ही कड खडू नीट धरत नाही, आणि अशा वेळी खाली मारल्यावर टिप घसरणारच. हा हिशेब क्यू आडवा धरला आहे असे समजून केलेला आहे. मागचा हात उचलला की संपर्काचा बिंदू बदलतो.

आता तीन फुटांचे पाहू. चेंडू कापडावर घसरत पुढे जातो तेव्हा घर्षण त्याची उलटी फिरकी सतत खात असते. पूर्ण समोरासमोर धडक झाल्यावर पांढऱ्या चेंडूचा पुढचा वेग जवळजवळ सगळा दुसऱ्या चेंडूकडे जातो आणि फिरकी तेवढी त्याच्याजवळ उरते. त्या उरलेल्या फिरकीच्या दोन सप्तमांश वेगाने तो मागे वळतो. वाटेत फिरकी संपून गेली असेल तर तो जागीच थांबतो, आणि तुमच्या वर्णनात नेमके तेच घडते आहे. म्हणून लांबच्या स्क्रूला दोन गोष्टी लागतात: अधिक खालचा संपर्क आणि अधिक वेग. क्लबांतील जाड, लव असलेल्या कापडावर फिरकी लवकर खर्च होते, तेव्हा तेथे दोन्हींची गरज आणखी वाढते.

तुमची एल्क मास्टर मऊ जातीची, दाबलेल्या एकसंध चामड्याची टिप आहे आणि या कामाला ती पुरेशी आहे. नवी विकत घेण्याआधी तिची गोलाई तपासा.

आपला,
लेस्टरहून

---

प्रेषक: बर्मिंगहॅमहून एक सभासद
प्रति: मंडळाची क्रीडा यादी

नमस्कार.

काकांनी सांगितलेले गणित मला पूर्ण मान्य आहे, परंतु त्यावरून टिपेचा मऊपणा गौण आहे असे कोणी समजू नये, असे मला मनापासून वाटते. मी गेली काही वर्षे आमच्या क्लबातील खेळाडूंच्या क्यूंना टिपा बसवून देतो. गोलाई इतकी महत्त्वाची असेल, तर ती किती दिवस टिकते हेही तितकेच महत्त्वाचे आहे, आणि ते चामड्याच्या जातीवर अवलंबून असते. फार मऊ टिप जोराच्या फटक्यांनी दबत जाते, तिची कड फेरूलच्या (क्यूच्या टोकावरील कड्याच्या) बाहेर फुगते आणि घुमट चपटा होत जातो. जो खेळाडू दर आठवड्याला तिला आकार देत नाही, त्याच्या हातात थोड्याच काळात वेगळीच टिप असते.

दुसरा मुद्दा एकसारखेपणाचा. एल्क मास्टर ५० च्या डबीत येतात आणि एकाच डबीतील दोन टिपांच्या कठीणपणात जाणवण्याइतका फरक असतो. म्हणून मी त्या आधी शिकंज्यात दाबून ठेवतो, फरशीवर टाकून आवाज ऐकतो, आणि फार बोथट आवाजाच्या बाजूला काढतो. जपानच्या कामुई कंपनीच्या टिपा डुकराच्या कातडीचे थर एकमेकांवर चिकटवून केलेल्या असतात. त्यांत मऊ, मध्यम आणि कठीण असे प्रकार मिळतात, एका टिपेचा दुसरीशी बराच मेळ बसतो आणि आकारही अधिक काळ टिकतो. जास्तीचे पैसे त्यासाठी मोजायचे असतात, अधिक फिरकीसाठी नव्हे. ताईंनी बदलायचीच ठरवली तर मी मध्यम प्रकार घ्यायला सांगेन. अतिशय कठीण टिप खडू नीट धरत नाही असा माझा अनुभव आहे, आणि हलक्या हाताचे नाजूक फटके तिच्याने खेळताना मला चेंडूचा अंदाज येत नाही.

रुंदीबद्दल एक शब्द. साडेआठ मिलिमीटरच्या टिपेने अचूकता वाढते असे ऐकून पुष्कळ जण तिकडे वळतात. पाच पेन्सच्या गोलाईत तिचा घुमट साधारण साडेबारा मिलिमीटरला संपतो, म्हणजे स्क्रूसाठी रुंदी कमी करून काहीच पदरात पडत नाही, उलट चूक झाल्यास ती अधिक शिक्षा करते. आहे तीच रुंदी ठेवावी.

आपला,
बर्मिंगहॅमहून

---

प्रेषक: लीड्सहून एक सभासद
प्रति: मंडळाची क्रीडा यादी

काका आणि दादा, दोघांचेही मनःपूर्वक आभार.

टिपेशी नाणी लावून पाहिली. पाच पेन्सचे नाणे मधोमध टेकते पण दोन्ही कडांशी फट राहते. दहा पेन्सचे मात्र जवळजवळ तंतोतंत बसते. चामड्याची जाडी अजून भरपूर आहे. तिलाच आकार द्यावा की सरळ नवी बसवावी? आणि आकार दिल्यावर खरोखर फरक पडला आहे, हे कशावरून ओळखावे?

आपली,
लीड्सहून

---

प्रेषक: बर्मिंगहॅमहून एक सभासद
प्रति: मंडळाची क्रीडा यादी

ताई,

जाडी असेल तर तिलाच आकार द्या. बारीक कानस किंवा सँडपेपर कडेकडून मध्याकडे हलक्या हाताने फिरवा, मधला भाग शक्यतो शेवटपर्यंत सोडा, आणि दर काही फेऱ्यांनी नाणे लावून पाहा. घाई केल्यास घुमट एका बाजूला झुकतो, आणि तसे झाले तर सरळ मारलेल्या फटक्यालाही बाजूची फिरकी लागते. फेरूलच्या बाहेर आलेले चामडे धारदार पात्याने छाटून, कडा किंचित ओल्या करून चामड्याच्या तुकड्याने जोरात घासा, म्हणजे त्या आवळल्या जातात आणि पुन्हा लवकर फुगत नाहीत.

फरक ओळखण्यासाठी निळा चेंडू त्याच्या जागी, म्हणजे टेबलाच्या मध्यबिंदूवर, ठेवा आणि पांढरा त्याच्यामागे, समोरासमोरच्या दोन मधल्या खिशांना जोडणाऱ्या रेषेवर, फूटभर अंतरावर. निळा समोरच्या मधल्या खिशात घालून पांढरा सरळ मागे, म्हणजे आपल्याकडच्या मधल्या खिशाकडे, यायला हवा. तो रेषा सोडून डावी-उजवीकडे वळला, तर एक तर निळ्यावरची धडक पूर्ण समोरासमोर झालेली नाही किंवा टिप मध्यरेषेवर लागलेली नाही. निळा खिशाच्या मधोमध गेला असेल तर दोष बहुधा टिप मध्यरेषेवर न लागण्यात आहे. सरळ येत असेल पण कमी येत असेल, तर ठिपक्यांचा सरावाचा पांढरा चेंडू घ्या, एक ठिपका आपल्याकडे बरोबर मध्यावर ठेवा, आणि फटक्यानंतर खडूचा डाग त्या ठिपक्यापासून किती अंतरावर पडला ते पट्टीने मोजा. आपण अगदी तळाशी मारतो असे ज्यांना वाटते, अशांचा डागही पुष्कळदा सहा-सात मिलिमीटरवरच सापडतो. तुमचाही तेथेच आला, तर मागचा हात जितका खाली ठेवता येईल तितका ठेवा, पुढच्या हाताचा पूल (क्यूला आधार देणारी बोटांची ठेवण) टेबलाला चिकटेल इतका खाली आणा, आणि डाग ११-१२ मिलिमीटरवर येईपर्यंत दोन चेंडूंमधले अंतर वाढवू नका. प्रत्येक फटक्याआधी सगळ्या घुमटाला, विशेषतः खालच्या भागाला, खडू लावा.

पुढच्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमाला येणार असाल तर क्यू बरोबर आणा. माझ्याकडे पाती, कानस आणि दाबून ठेवलेल्या टिपा आहेत, घुमट एका बाजूला झुकलाच असेल तर तेथेच सरळ करून देईन.

आपला,
बर्मिंगहॅमहून