टक्क्यांची सरासरी काढली तर उत्तर जुळत नाहीये, आन्सर की चुकली का?

शिरपूर_वाला:
भरतीच्या सराव पेपरात जनगणनेचं टेबल आहे. जळगाव २००१ ला ३६,८२,६९० आणि २०११ ला ४२,२९,९१७, वाढ १४.८६%. धुळे १७,०७,९४७ वरून २०,५०,८६२, वाढ २०.०८%. नंदुरबार १३,११,७०९ वरून १६,४८,२९५, वाढ २५.६६%. तिन्ही मिळून वाढ किती असं विचारलंय, मी तिघांची बेरीज करून ३ ने भागलं तर २०.२ येतं आणि तसा ऑप्शनपण आहे, पण की मध्ये १८.३ दिलंय.

तापीकाठ:
की बरोबर शे भाऊ. २०.२ हा ऑप्शन मुद्दाम टाकलेला असतो, पोरं तिथंच अडकतात. २००१ ला तिघांतली निम्म्याहून जास्त माणसं एकट्या जळगावात होती आणि तू त्याला नंदुरबारएवढंच धरलं. रावेरात १०० क्विंटल केळी एका भावानं गेली नि १० क्विंटल दुसऱ्या भावानं, तर सरासरी भाव बरोब्बर मधला धरशील का? सरळ लाखात बेरीज कर, ६७ वरून ७९.३, वाढ १२.३, भागिले ६७. झालं.

भुसावळ_लोकल:
एवढा भागाकार करायचा नसेल तर जळगावचे १४.८६ पाया धर. धुळे त्याच्या ५.२ वर, नंदुरबार १०.८ वर. लोकसंख्येचं प्रमाण साधारण ३७:१७:१३, म्हणून (१७×५.२ + १३×१०.८) ÷ ६७ = ३.४, ते १४.८६ मध्ये मिळव. वजन नेहमी २००१ चं घ्यायचं, २०११ चं नाही, कारण टक्का जुन्या आकड्यावर काढलाय.

शिरपूर_वाला:
ओके समजलं. मग खालचा प्रश्न, "सर्वाधिक वाढ कोणत्या जिल्ह्यात", तिथं काय धरू?

तापीकाठ:
प्रश्न नीट वाच बाबा. संख्येनं म्हटलं तर जळगाव, ५,४७,२२७ माणसं वाढली. दर किंवा टक्के म्हटलं तर नंदुरबार, आणि संख्येत तेच सगळ्यात खाली, ३,३६,५८६. अजून एक, नंदुरबारचा वाढीचा दर धुळ्यापेक्षा किती टक्क्यांनी जास्त असं आलं तर नुसती वजाबाकी करून ५.५८ लिहू नको, त्याला २०.०८ नं भाग, जवळपास २८% येतं.

भुसावळ_लोकल:
आणि १९९१ चा कॉलम दिसला तर आधी खालची टीप बघ. नंदुरबार १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळं झालं, त्यामुळं १९९१ चं धुळे जुन्या अख्ख्या जिल्ह्याचं दिलंय का आत्ताच्या हद्दीचं, ते कळल्याशिवाय टक्का काढूच नको.