राग गिळणे आणि राग ओळखणे
राग गिळता आला की माणूस परिपक्व झाला, हे नेहमी ऐकू येणारे मत मला अर्धेच पटते. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजगतेवरील बुद्धांच्या पाली उपदेशात, राग गिळायला सांगितलेले नाही. चित्त द्वेषयुक्त असेल तर ते द्वेषयुक्त आहे हे जाणावे, असे तेथे म्हटले आहे. नागपुरातल्या सीताबर्डीच्या सिग्नलवर मागून हॉर्नचा भडिमार सुरू झाला की आधी जबडा आवळला जातो, मग मूठ, आणि शिवी ओठांवर येते ती त्यानंतर. हा क्रम ज्याला दिसू लागतो, त्याला मध्येच थांबण्याची सोय मिळते. (मे महिन्याच्या उन्हात ती वापरणे कठीण, हे मान्य.)

आणखी एक बाजू आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षाभूमीवर दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये चोरी न करणे, खोटे न बोलणे, मद्यपान न करणे यांच्या जोडीला समता स्थापन करण्याचा प्रयत्न करणे हीदेखील प्रतिज्ञा आहे. त्यामुळे अन्याय पाहून येणाऱ्या चिडीला निव्वळ अपरिपक्वता म्हणणे मला नागपुरात राहून तरी जमणार नाही. त्या चिडीतला द्वेष वेगळा काढता येतो का, हे तपासण्याची जागा ध्यानाच्या आसनाइतकीच वस्तीतल्या विहारात रविवारी भरणारी, हमखास वादावादीची बैठकही असू शकते.