मदत हवी आहे : दुकानातल्या पिशव्या तासाभरात कशा निवडायच्या?

पळतोय_रोज
आमचा धावण्याचा ग्रुप दर मंगळवारी संध्याकाळी ४ किमी पळत दुकानात जातो आणि मागच्या खोलीत साठलेल्या पिशव्या निवडून देतो. १४ जण, एक तास. मागच्या वेळी इतका गोंधळ झाला की मॅनेजरबाई म्हणाल्या, असंच होणार असेल तर येऊ नका. मंगळवार परवावर आलाय. पटकन सांगा, प्लीज.

सिंहगडचा_वारा
कसलं दुकान? कुठल्या गावात? पुण्यात असाल तर कपडे सरळ गूंज या संस्थेला द्या. १९९९ पासून काम करतात. कपडा भीक म्हणून वाटत नाहीत, गावाने केलेल्या कामाचा मोबदला म्हणून देतात. मला ते फार पटतं.

पळतोय_रोज
पुणे नाही, इंग्लंड. लीड्स. चॅरिटी शॉप आहे. लोक वापरलेले कपडे, पुस्तकं, भांडी आणून देतात, ती विकून पैसे संस्थेला.

मीनल_लेस्टर
मी ६ वर्षं दर शनिवारी अशाच दुकानात जाते. गोंधळ म्हणजे नेमकं काय झालं? १४ माणसं त्या खोलीत मावतच नाहीत. चौघांनी निवडावं, दोघं कपड्यांना वाफ देणाऱ्या स्टीमरवर, एक जण टॅग लावायला, बाकीचे पुस्तकांकडे. कॉलर, काखा, चेन बघा आणि खिसे उलटे करा. मला एका कोटाच्या खिशात लग्नाची अंगठी सापडली होती, आतल्या बाजूला तारीख कोरलेली. विकण्यासारखं नसेल ते रॅगच्या, म्हणजे चिंध्यांच्या पोत्यात. फेकू नका, ती पोती किलोवर विकली जातात.

नाना_कोथरूड
पळून आल्या आल्या तासभर उभं राहू नका, पोटऱ्या धरतात. आधी १० मिनिटं स्ट्रेचिंग. मी २० वर्षं पळतोय, अनुभवाने सांगतो.

पळतोय_रोज
नाना, पोटऱ्या ठीक आहेत. गोंधळ स्टिकरचा झाला. काही पिशव्यांवर बारकोडचे स्टिकर होते आणि आम्ही वेळ वाचवायला सगळ्या पिशव्या एकदम जमिनीवर ओतल्या. एक स्टिकर माझ्या बुटाच्या तळाला चिकटून घरी आलाय.

मीनल_लेस्टर
अहो, हे आधी सांगायचं ना! तो गिफ्ट एडचा स्टिकर. देणारा तिथे कर भरत असेल, तर त्याची वस्तू विकून आलेल्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून २५ पेन्स वर मिळतात. वस्तू कुणाची ते कळेनासं झालं की ते पैसे गेले. बाई चिडल्या त्या म्हणूनच.

टेम्सकाठी
म्हणून स्टिकरच्या पिशव्या आठवड्यातून एकदा येणाऱ्यांच्या हातात देऊच नयेत. आमच्याकडे त्या रोजच्या माणसांसाठी बाजूला ठेवतात.

मीनल_लेस्टर
नाही पटत. रोजची माणसं दोन-तीनच असतात, ढीग छतापर्यंत जातो. एका टेबलावर एकच पिशवी उघडायची. तिच्यातल्या प्रत्येक वस्तूच्या टॅगवर त्याच नंबरचा स्टिकर लावून झाल्याशिवाय दुसरी उघडायची नाही. एवढं कुणालाही पाच मिनिटांत शिकवता येतं.

टेम्सकाठी
शिकवता येतं, पण दर मंगळवारी नवे चेहरे आले तर?

अनघा_के
थोडं विषयांतर. आई ३ महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर येतेय, घरात कंटाळेल. तिला अशा दुकानात मदतीला जाता येईल?

मीनल_लेस्टर
अनघा, संस्था नोंदणीकृत हवी आणि एकूण ३० दिवसांच्या वर नको. येण्याचं मुख्य कारण मात्र भेटच असायला हवं. आईंना नक्की पाठव.

पळतोय_रोज
आधीच मिसळलेल्या वस्तूंचं काय करू? बुटावरच्या स्टिकरचा नंबर अजून वाचता येतोय.

मीनल_लेस्टर
नंबरावरून देणारा कळेल, वस्तू कळणार नाही. अंदाजाने कशालाही लावू नका, तो चुकीचा दावा होईल. त्या वस्तू साध्या म्हणूनच विकू द्या. स्टिकर बाईंना नेऊन दाखवा आणि परवा सातच जण जा, ज्यांना दर आठवड्याला जमतं तेच.

पळतोय_रोज
सात जणांची नावं आत्ताच ग्रुपवर टाकली. बाकीचे पुस्तकांच्या पेट्या गाडीतून उतरवतील. बाईंना उद्या सकाळी फोन करतो.

नाना_कोथरूड
पेट्या उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यात वाका.