लाल आणि नारिंगी ठोकळे: उजेड बदलला की एचएसव्हीची रेंज चुकते

ओपनसीव्हीमध्ये (चित्रांवर काम करणारी सॉफ्टवेअर लायब्ररी) लाल, नारिंगी आणि पिवळे ठोकळे रंगावरून वेगळे करायचे आहेत. रंग एचएसव्हीमध्ये मोजतो: ह्यू म्हणजे रंगछटा, सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा ठळकपणा, व्हॅल्यू म्हणजे उजळपणा. लालसाठी ह्यू ०–१० घेतला आहे. खिडकीच्या उजेडात लाल ठोकळ्याच्या मास्कला (रेंजमध्ये बसलेल्या पिक्सेलच्या नकाशाला) भोकं पडतात, पिवळे दिवे लावले की नारिंगी ठोकळाच लाल म्हणून सापडतो. प्रत्येक उजेडासाठी वेगळी रेंज ठेवावी का?

उत्तर १
नको, दिवसभर रेंजच बदलत बसाल. दोन्ही दोषांची कारणं वेगळी आहेत. ८-बिट चित्रात ह्यू ० ते १७९ असा गोल फिरतो आणि लाल दोन्ही टोकांना असतो. निळसर उजेडात तो १७० च्या पुढे सरकतो, म्हणून भोकं. ०–१० आणि १७०–१७९ असे दोन मास्क करून जोडा.

नारिंगीचं गणित बघा: आर (लाल) २२०, जी (हिरवा) ११०, बी (निळा) ३० असेल तर ह्यू १३. पिवळ्या उजेडात तोच ठोकळा २२०, ८५, १५ झाला की ह्यू १०, म्हणजे थेट लालमध्ये. हे रेंजने सुटणार नाही, आधी उजेडाचा रंग काढून टाकावा लागेल.

उत्तर २
त्यासाठी फ्रेमच्या कडेला मॅट राखाडी कार्ड ठेवा, ठोकळ्यांवर पडतो त्याच उजेडात. पांढरं नको, ते २५५ ला जाऊन अडकतं आणि मग गुणोत्तर खोटं निघतं. कार्डाच्या तिन्ही चॅनलचा मीडियन (क्रमाने लावल्यावर मधली किंमत) घ्या, आरला जी/आर ने आणि बीला जी/बी ने गुणा. गुणण्याआधी गॅमा (चित्र साठवताना उजळपणाच्या आकड्यांना दिलेला वक्र) काढा (०–१ मध्ये आणून २.२ घात), नंतर परत लावा.

ग्रे-वर्ल्ड पद्धत (अख्ख्या फ्रेमची सरासरी राखाडी धरून रंग दुरुस्त करणं) इथे वापरू नका. लाल ठोकळ्याने अर्धी फ्रेम व्यापली तर सरासरीच लाल होते आणि ती नेमका तोच रंग मारते.

प्रश्नकर्ता
कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग आपोआप दुरुस्त करणं) चालू ठेवला तर?

उत्तर २
बंदच करा, ऑटो एक्स्पोजरही. नाहीतर समोरची वस्तू बदलली तरी आकडे हलतात. लिनक्सवर यूएसबी कॅमेऱ्याच्या ऑटो एक्स्पोजर सेटिंगला मॅन्युअलसाठी सहसा १ द्यावा लागतो. ३ म्हणजे सहसा ऑटो. सेट केल्यावर किंमत परत वाचून खात्री करा. ५० हर्ट्झच्या विजेवर एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवा, म्हणजे दिव्यांची लुकलुक आकड्यांत येत नाही.

उत्तर ३
वरचं सगळं केलं तरी एका बाजूने खिडकी आणि दुसऱ्या बाजूने दिवा असेल तर एक कार्ड पुरत नाही. पडदा ओढा, किंवा दोन्ही बाजूंना कार्ड ठेवून मधल्या भागासाठी गुणक हळूहळू बदलत न्या. शिवाय सॅच्युरेशन फार कमी असलेले पिक्सेल सोडून द्या, तिथला ह्यू निव्वळ नॉइज असतो.